प्रिटोरियाला अर्धा दिवस पुरेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं जोहान्सबर्गजवळ मिडरँडला मुलाकडे जाणार आहात. वयं साठीच्या पुढची, यजमानांचे गुडघे दुखतात, जेवण शाकाहारी. मुलगा म्हणतो, प्रिटोरिया म्हणजे नुसत्या सरकारी कचेऱ्या, एखाद्या शनिवारी अर्ध्या दिवसात गाडीतून दाखवून आणतो. तेवढं पुरेल का?

नाही पुरणार. दोन रात्री तिथे मुक्काम करा. मी २००५ पासून पुण्याहून दक्षिण आफ्रिकेला पर्यटकांचे गट घेऊन जातो आणि पहिली काही वर्षं मीही तुमच्या मुलासारखंच करत असे. विमानतळावरून बस निघायची, प्रिटोरियात दोन ठिकाणी फोटो व्हायचे आणि दुपारी सन सिटी या रिसॉर्टचा रस्ता धरायचा. एकदा गटात दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं काढलेले एक गृहस्थ होते. युनियन बिल्डिंग्जसमोर बस थांबली तसे ते खाली उतरले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, हा तर आमचा साउथ ब्लॉक!" मला उत्तर देता आलं नाही आणि थांबायलाही वेळ नव्हता. परत आल्यावर मी वाचायला बसलो. त्यानंतर माझ्या एकाही सहलीत प्रिटोरिया अर्ध्या दिवसाचं राहिलेलं नाही.

आधी मोसमाचं बोलू, कारण त्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. प्रिटोरियाला 'जॅकरांडा सिटी' म्हणतात. जॅकरांडा म्हणजे आपला नीलमोहर. पुण्यात एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात उन्हाळ्यात एकटं फुललेलं झाड तुम्ही पाहिलं असेल. तिथे अशी हजारो झाडं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी आहेत आणि ती एकाच वेळी फुलतात. फांद्या वर एकमेकींत मिसळतात, खाली डांबरावर पाकळ्यांचा सडा पडतो, त्यामुळे गाडी जांभळ्या बोगद्यातून चालल्यासारखी वाटते. बहर साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला धरतो, मधल्या आणि शेवटच्या आठवड्यांत भरात असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओसरतो. पाऊस लवकर आला तर चार-सहा दिवस इकडे तिकडे होतात. म्हणून प्रिटोरियाच्या रात्री १५ ते ३० ऑक्टोबरच्या दरम्यान ठेवा आणि मुलाला सुट्टी त्याप्रमाणे टाकायला सांगा.

ही झाडं तिथली नाहीत, दक्षिण अमेरिकेतली आहेत. सनीसाइड भागात १८८८ मध्ये पहिली दोन झाडं लावली गेली असं तिथे सांगतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने रस्तोरस्ती लागवड केली. आज कायदा नीलमोहराला परकं, पसरणारं झाड मानतो, कारण ते पाणी पितं आणि देशी वनस्पतींची जागा घेतं. जुनी झाडं ठेवली आहेत, पण पूर्वीसारखी नवी लागवड करता येत नाही. त्यामुळे काही रस्त्यांवर म्हाताऱ्या झाडांच्या रांगेत रिकाम्या जागा दिसू लागल्या आहेत. मला त्या दर वर्षी टोचतात. पर्यावरणाची बाजू पटते, तरीही टोचतात.

पाहायचं कुठे? सकाळी सात-साडेसातला, ऊन तिरपं असताना, आर्केडिया, ब्रुकलिन आणि हॅटफील्डच्या निवासी रस्त्यांवरून गाडी सावकाश न्या. प्रिटोरिया विद्यापीठही याच बाजूला आहे. नीलमोहराचं फूल डोक्यावर पडलं की परीक्षेत पास, अशी तिथल्या विद्यार्थ्यांची समजूत आहे, आणि वर्षअखेरच्या परीक्षा बहराच्या मागोमागच येतात. वरून पाहायचं तर शहराच्या दक्षिणेला क्लॅपरकॉपचा किल्ला आहे. १८९८ मध्ये बांधलेला आणि लढाईत कधी उपयोगी न पडलेला. तिथे थेट वरपर्यंत गाडी जाते, यजमानांना चढायला लागणार नाही. पाऊस पडून गेल्यावर मात्र पदपथावर जपून चाला. ओल्या पाकळ्यांवरून पाय सटकतो.

आता युनियन बिल्डिंग्ज. माइंट्यिसकॉप नावाच्या टेकडीवर ही २८५ मीटर लांबीची दगडी इमारत १९१० ते १९१३ या काळात उभी राहिली. राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय तिथे आहे. दक्षिण आफ्रिकेला राजधान्या तीन: संसद केपटाऊनला, सर्वोच्च अपील न्यायालय ब्लूमफॉन्टेनला आणि राज्यकारभार प्रिटोरियाला. वास्तुकार हर्बर्ट बेकर. हे काम संपतं न संपतं तोच ते नव्या दिल्लीच्या कामावर आले आणि नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक आणि जुनं गोल संसद भवन त्यांनी घडवलं. टेकडीचा उपयोग करून इमारत उंच दाखवायची, दोन सारख्या बाजू समोरासमोर ठेवायच्या, मध्ये मोकळी जागा, वर मनोरे, ही सगळी मांडणी आधी प्रिटोरियात करून मग रायसीना टेकडीवर आली. आमच्या त्या गृहस्थांची नजर अचूक होती.

इमारतीच्या आत सोडत नाहीत. पण खालच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि हिरवळ सगळ्यांसाठी खुली असते, तिथे तास-दीड तास बसा. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया इथे चालत आल्या होत्या. काळ्या स्त्रियांनाही पास, म्हणजे ये-जा करण्याचा परवाना, बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध सह्यांचे गठ्ठे त्यांनी पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या दाराशी ठेवले आणि मग अर्धा तास सगळ्या निःशब्द उभ्या राहिल्या. पुढे चालणाऱ्या चौघींत लिलियन एनगोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स यांच्याबरोबर भारतीय वंशाच्या रहिमा मूसा होत्या. त्याच जागी १० मे १९९४ रोजी नेल्सन मंडेलांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. हिरवळीवर हात पसरून उभा असलेला त्यांचा ९ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा तुम्हाला लांबूनच दिसेल. तो १६ डिसेंबर २०१३ ला उघडला गेला. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याशिवाय पुढच्या दोन टेकड्या कळत नाहीत.

शहराच्या दक्षिणेला एका टेकडीवर फोरट्रेकर स्मारक आहे आणि थोड्याच अंतरावर साल्व्होकॉप टेकडीवर फ्रीडम पार्क. बहुतेक लोक यातलं एकच पाहतात. गोरे चालक पहिलं दाखवतात, काळे चालक दुसरं. तुम्ही दोन्ही, एकाच दिवशी आणि याच क्रमाने पाहा.

फोरट्रेकर म्हणजे केपमधली ब्रिटिश सत्ता नको म्हणून १८३० च्या दशकात बैलगाड्या जोडून आत निघालेले डच वंशाचे शेतकरी. १६ डिसेंबर १८३८ रोजी एका नदीकाठी त्यांनी ६४ गाड्यांचं रिंगण करून झुलूंचं मोठं सैन्य हरवलं. आपल्याला देवाने जिंकवलं अशी त्यांची श्रद्धा, आणि लढाईआधी बोललेल्या नवसाचा दिवस म्हणून ते तो पाळू लागले. हे ४० मीटर उंचीचं चौकोनी, करड्या दगडाचं स्मारक १६ डिसेंबर १९४९ ला खुलं झालं. वर्णभेदाचं धोरण घेऊन नॅशनल पार्टी सत्तेवर आली त्याच्या पुढच्याच वर्षी. भोवतीच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या ६४ बैलगाड्या आहेत. आत संगमरवराचे २७ शिल्पपट भिंतींना फेर धरून आहेत. कारागिरी अव्वल, पण झुलू त्यांत बहुतेक शत्रू म्हणूनच दिसतात, आणि हे डोळे उघडे ठेवून पाहायचं. घुमटाला एक छिद्र ठेवलंय, त्यातून दर १६ डिसेंबरला भर दुपारी सूर्याची तिरीप खाली ठेवलेल्या प्रतीकात्मक समाधीवर पडते. आपल्याकडे कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्या माणसाला यामागची भावना समजावून सांगावी लागत नाही.

त्याच तारखेला, १६ डिसेंबर १९६१ रोजी, मंडेला आणि त्यांच्या साथीदारांनी सशस्त्र लढ्याची सुरुवात केली, दिवस मुद्दाम निवडून. १९९५ पासून हा दिवस 'सलोख्याचा दिवस' म्हणून सुट्टीचा झाला. आणि मंडेलांचं दफन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पुन्हा १६ डिसेंबरला, त्यांचा पुतळा उघडला गेला. एकाच तारखेवर दोन्ही बाजूंचा दावा. तारीख रद्द करायची नाही, तिचा अर्थ बदलायचा, असं त्या देशाने ठरवलं. हे मला या शहरातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

फ्रीडम पार्कमध्ये नावांची भिंत आहे. वेगवेगळ्या युद्धांत आणि स्वातंत्र्यलढ्यात गेलेल्यांची हजारो नावं तिच्यावर कोरली आहेत. तिथलं इसिव्हिव्हाने हे ठिकाण मृतात्म्यांच्या विसाव्याचं मानतात. नऊ प्रांतांतून आणलेले मोठे दगड गोल मांडलेत, मध्ये वाफेसारखं धुकं सोडलेलं असतं. आत जाताना पादत्राणं काढायची, बाहेर पडताना हात धुवायचे. माझ्या गटातल्या बायकांना हे कधी सांगावं लागलं नाही, आपोआप चपला निघाल्या. यजमानांसाठी एवढंच: स्मारकाला पायऱ्या पुष्कळ आहेत, वरच्या मजल्याचा हट्ट धरू नका, मुख्य दालन पुरेसं आहे. फ्रीडम पार्कही चढउताराचं आहे, वर नेणाऱ्या छोट्या गाडीची सोय तिकीट काढतानाच विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च स्क्वेअर. मधोमध पॉल क्रूगरचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे असलेल्या डच वंशीयांच्या प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षाचा, पुतळा आहे. चौकाच्या एका बाजूला पॅलेस ऑफ जस्टिस, जिथे १९६३-६४ मध्ये रिव्होनिया खटला चालला. १२ जून १९६४ रोजी मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली. त्यांत अहमद कथराडा भारतीय वंशाचे होते. शिक्षा एकच, पण डेनिस गोल्डबर्ग हे एकटे गोरे म्हणून त्यांना रॉबेन बेटावर न पाठवता प्रिटोरियातल्याच तुरुंगात ठेवलं. तुरुंगातही वर्णभेद! इमारत बाहेरूनच पाहायची, वीस मिनिटं पुरतात.

तिथून गाडीने क्रूगरच्या घरी जा. बैठं, साधं घर, ओसरीपुढे दोन दगडी सिंह, आता संग्रहालय. पण मी तिथे लोकांना नेतो ते समोरच्या पदपथासाठी. जून १८९३ मध्ये पीटरमारित्सबर्गला ज्यांना गाडीतून उतरवलं ते गांधीजी निघाले होते प्रिटोरियालाच, दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी. जवळपास वर्षभर ते या शहरात राहिले. इथल्या भारतीय व्यापाऱ्यांपुढे त्यांनी आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं, ज्यांना शिकायचं होतं त्यांना इंग्रजी शिकवलं. आणि रोजच्या फिरण्याच्या वाटेवर, क्रूगरच्या घरासमोरून जाताना, पहाऱ्यावरच्या शिपायाने एक शब्दही न बोलता त्यांना लाथ मारून पदपथावरून खाली ढकललं. ओळखीचा एक इंग्रज गृहस्थ घोड्यावरून जात होता. तो म्हणाला, फिर्याद करा, मी साक्ष देतो. गांधीजींनी नकार दिला, स्वतःच्या अपमानासाठी कोर्टात जायचं नाही असं ठरवून. स्टेशनावरची घटना सगळ्यांना माहीत असते. ही क्वचितच कुणाला माहीत असते.

आणि आपलं एक नाव या शहराशी जोडलेलं आहे, नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१२ च्या ऑक्टोबरअखेर ते केपटाऊनला उतरले. कराराची मुदत संपल्यावर तिथेच राहिलेल्या भारतीय मजुरांवरचा माणशी तीन पौंडांचा कर रद्द व्हावा, ही मुख्य मागणी. ज्या देशात गांधीजींना लाथ मारून पदपथावरून उतरवलं, तिथल्याच सरकारने गोखल्यांना प्रवासासाठी रेल्वेचा खास डबा दिला. १४ नोव्हेंबरला प्रिटोरियात पंतप्रधान जनरल बोथा आणि त्यांचे मंत्री स्मट्स यांच्याशी त्यांची भेट झाली. कर जाणार, असा शब्द मिळाला असं समजून ते परतले. गांधीजींना तेव्हाही खात्री नव्हती. शब्द पाळला गेला नाही, १९१३ चा मोठा संप झाला आणि १९१४ मध्ये कर गेला. या दौऱ्यातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. सभांना कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले हिंदू येत, म्हणून गोखल्यांनी मराठीतच बोलावं असा आग्रह गांधीजींनी धरला आणि हिंदुस्थानी भाषांतर स्वतः केलं. परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत हा क्रम चालला. मी प्रत्येक गटाला हे क्रूगरच्या घरासमोर उभं राहून सांगतो. अशा वेळी बसमधली गडबड आपोआप थांबते.

तिथून जवळच मराबस्ताड. पूर्वीची भारतीय लोकांची बाजारपेठ. वर्णभेदाच्या काळात इथल्या कुटुंबांना उठवून शहराबाहेर लॉडियमला नेलं. मारिअम्मनचं देऊळ मात्र जागेवर राहिलं. दाक्षिणात्य गोपुराचं, तमिळ लोकांनी उभारलेलं. साथीच्या रोगांपासून राखणारी ही देवी म्हणजे आपली मरीआईच. सकाळच्या वेळी जा, भोवतालचा भाग फार गर्दीचा आहे, चालक सोबत असू द्या.

जेवणाची काळजी करू नका. लॉडियमला भारतीय वाणसामान, रोट्या, सामोसे सगळं मिळतं आणि हॅटफील्डकडेही भारतीय उपाहारगृहं आहेत. पण एकदा तरी स्थानिक ताट घ्या: मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ज्याला 'पप' म्हणतात, आणि सोबत चकालाका, म्हणजे गाजर, मिरची, घेवड्याच्या दाण्यांची तिखटसर भाजी. त्यात मांसाचं पाणी घातलंय का हे विचारून घ्या. आणि दुकानात 'आचार' मागा. आंब्याचं तेलातलं लोणचं, याच नावाने, अगदी साध्या टपरीवरसुद्धा मिळतं.

वेळ उरला तर उत्तरेला वंडरबूम. सुमारे हजार वर्षांचं, वड-उंबराच्या कुळातलं झाड. वडाला पारंब्या सुटतात, याच्या मात्र फांद्याच वाकून जमिनीला टेकल्या, तिथे मुळं धरली आणि नवी खोडं उठली. त्या खोडांच्या फांद्यांनी पुन्हा तेच केलं. आता मूळ खोडाभोवती झाडांची कडी झाली आहेत. यजमानांना इथे नक्की आवडेल, सपाट जागा आणि गर्द सावली. कलिनन इथली हिऱ्याची खाण आणि आयरीनचं स्मट्सचं पत्र्याचं घर पुढच्या खेपेला ठेवा. गांधीजींनी तुरुंगात बनवून दिलेल्या चपला ज्यांनी कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये सन्मानाने परत पाठवल्या, तेच हे स्मट्स. घाईत खाण आणि घर दोन्ही वाया जातील.

जाण्यायेण्याचं: मिडरँडहून गाऊट्रेन ही जलद रेल्वे थेट प्रिटोरिया आणि हॅटफील्डला जाते, गाडी बदलावी लागत नाही. हॅटफील्डला उतरा. गाडीत आणि फलाटावर खाणंपिणं चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड होतो, म्हणून चिवड्याचा डबा पिशवीतच राहू द्या. शहरात अ‍ॅपवरून मागवलेली टॅक्सी किंवा दिवसभरासाठी ओळखीचा चालक घ्या. मध्यवर्ती भागात अंधार पडल्यावर पायी फिरू नका, सिग्नलला गाडी थांबली की काच वर आणि पर्स पायाशी. सिग्नलला तिथे 'रोबोट' म्हणतात, "दुसऱ्या रोबोटला डावीकडे" असं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. रस्त्यांची नावं २०१२ मध्ये बदलली आहेत आणि जुनी माणसं अजून जुनीच सांगतात, तेव्हा पत्ता दोन्ही नावांनी लिहून ठेवा. दिवसा कडक ऊन असतं आणि दुपारनंतर अचानक गडगडाटी पाऊस, कधी गाराही. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी उरका.

व्हिसा आधी काढावा लागतो, पासपोर्टमध्ये कोरी पानं आहेत ना ते पाहा. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल आणि मधला थांबा बारा तासांहून जास्त असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ हवा. एका प्रवाशाला याच कारणासाठी मुंबई विमानतळावरून परत जाताना मी पाहिलंय.

मुक्काम ब्रुकलिन किंवा आर्केडियातल्या एखाद्या बागेच्या घरगुती निवासात घ्या, मोठ्या हॉटेलात नको. आणि निघायच्या दिवशी, सामान गाडीत टाकल्यावर, चालकाला ग्रुनक्लूफमधल्या हर्बर्ट बेकर रस्त्याने न्यायला सांगा. सगळं शहर जांभळं असताना तिथली झाडं पांढरी फुलतात. पाच मिनिटं गाडी कडेला लावून खाली उतरा.